साठ गाई, शून्य ग्लास

आर्डिसच्या छातीतली गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हे. तरी मुलींच्या लहानपणीच्या आहारावरच्या एका संशोधनासाठी नर्सने तिच्यापुढे फॉर्म ठेवला. 'पंधराव्या वर्षी रोज किती ग्लास दूध?' आर्डिसने शून्य लिहिलं.

"अहो बाई, विस्कॉन्सिनसारखा दुधाचा मुलूख, वर तुम्हीच लिहिलंय साठ गाई दारात, आणि शून्य?" नर्स म्हणाली.

"धारा मी काढायचे. दूध प्यायचा भाऊ, त्याला फुटबॉल खेळायचा असायचा. मुली दुधाने जाड होतात म्हणे. मला काळी कॉफी."

ती घरी आली, तर भाऊ डेल्मर सुटलेलं पोट घेऊन टेबलाशी बसलेला. "आलीस? दूध ओत गं जरा."

तिने ग्लास काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर उभ्या उभ्या स्वतःच पिऊन रिकामा केला.

"तू कॉफी घे, डेल्मर. जाड होशील."