अस्वलानं काय खाल्लं?

उमाताईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की कॅनडातल्या कोक्विटलामच्या अख्ख्या मराठी मंडळाला ती मनावर घ्यावीच लागे. नामिबियातल्या एका खेड्यातले हत्ती वाचवायचे, असं त्यांनी ठरवलं आणि गणपतीत दारोदार फिरून वर्गणी काढली. त्या गावच्या हत्ती-समितीची प्रमुख नामासिकू एका परिषदेसाठी कॅनडात आली, तेव्हा आभार मानायला मुद्दाम उमाताईंकडे दोन दिवस उतरली.

सकाळी ती चहाला खाली आली, तर उमाताई वन्यजीव खात्याला फोन लावून कडाडत होत्या, "पुन्हा आलं होतं अस्वल! पकडून न्या, नाहीतर गोळी घाला. आम्ही इथे राहायचं की नाही?"

त्यांनी फोन ठेवताच नामासिकूनं घाबरून विचारलं, "माणूस मारला का त्यानं?"

"छे!"

"मग गुरं?"

"इथे कुठली आलीत गुरं? रात्री बाहेर ठेवलेला गार्बेजचा डबा उलथवला. सगळा ड्राइव्हवे घाण करून ठेवलाय मेल्यानं."

नामासिकूनं खिडकीतून त्या उलथलेल्या डब्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी हत्तींनी तिचा उभा मका एका रात्रीत फस्त केला होता. नवऱ्यानं बंदूक उचलली, तेव्हा हीच आडवी आली होती. वर्गणी मागताना उमाताई ही हकिकत दारोदार डोळे पुसत सांगायच्या.

नामासिकूनं कप खाली ठेवला. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"गेल्या गेल्या मी गावाची सभा बोलावते," ती ठामपणे म्हणाली. "यंदा वर्गणी आम्ही काढू. तुमच्या अस्वलासाठी."