दाराखालची पाचर

बायकोची शोकसभा तिनेच उभारलेल्या नाट्यगृहात होती. तालमीच्या वेळी रस्त्यावरच्या कुणालाही आत येऊन बसता यावं म्हणून ती दाराखाली लाकडी पाचर ठोकायची. विश्वस्तांना ते खटकायचं. “बाई, तुम्ही प्रत्येक कामात पाचर मारता,” अध्यक्ष म्हणायचे. आज तेच माइकवर गहिवरून सांगत होते, “बाईंचं दार सगळ्यांना उघडं होतं.” तेवढ्यात मागून रखवालदाराचा आवाज आला, “मावशी, फक्त निमंत्रितांना प्रवेश.” मावशी म्हणजे समोरची इस्त्रीवाली, बायकोच्या नाटकांत आजीचं काम करायची. “मुडद्या, माझी बाई गेलीय!” मावशी ओरडली. त्याने दार लावलं. माझं डोकं फिरलं. बायकोच्या पर्समधली पाचर माझ्या खिशात होती. मी उठलो, दार सताड उघडलं आणि पाचर बुटाने ठोकली. “हे काय?” अध्यक्ष गोंधळले. “पाचर मारली. मावशी, या, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.”