गुणांची चौकशी

"आता सगळ्यात खालची ओळ वाचा."

चाचणीचा जड चष्मा नाकावर पेलत मावशींनी तक्त्यावरची बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवली. जरा अडखळायला हवं होतं, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

"नजर तर ठणठणीत आहे," चष्मेवाली म्हणाली. "मग काम काय काढलंत, मावशी?"

अनोळखी वयस्कर बाईला दुसरं म्हणायचं तरी काय, म्हणून मावशी.

दुकान एवढंसं. भिंतभर रिकाम्या फ्रेमा, कोपऱ्यात भिंगं घासायचं यंत्र आणि रस्त्याकडे काचेचं दार. पलीकडच्या बसथांब्यावर एक जण वर्तमानपत्र हात ताणून, लांब धरून वाचत होता. चष्मेवालीची नजर क्षणभर तिकडे गेली. कुणाला चष्मा लागलाय हे तिला रस्त्यावरूनच कळायचं.

मावशींनी चष्मा उतरवून ठेवला. "चौकशीला आलेय. एका स्थळाची. तुमचे आधीचे... म्हणजे ज्यांच्याशी तुमचं..."

"आलं लक्षात. मुलगी कोण?"

"माझी भाची. फार साधी आहे हो. पुन्हा फसली तर उभं आयुष्य जाईल तिचं."

"आणि विचारायला माझ्याकडे आलात? मी काय त्याचे गोडवे गाणार आहे?"

"म्हणून तर आले. दोष मी त्यांच्या मित्रांना विचारले. गुण मात्र ज्याचं वाकडं आहे त्याच्याच तोंडून ऐकावेत. तेवढेच खरे."

चष्मेवालीला हे आवडलं. तिने स्टूल पुढे ओढलं, हातात एक भिंग घेतलं आणि ते पुसत बसली. वास्तविक ते स्वच्छच होतं.

"आजारी माणसाची सेवा करावी तर त्यानं," ती म्हणाली. "माझ्या आईचं शेवटचं दुखणं त्यानंच काढलं. मी दमून झोपायचे, तो उशाशी बसून असायचा. आणि लबाडी जमत नाही त्याला. खोटं बोलायला लागला की कान लाल होतात."

मावशी खुदकन हसल्या. "होतात खरे."

"काय?"

"नाही, म्हणजे... होतात काही जणांचे." मावशींनी बॅगेचा बंद उगाच घट्ट केला. "मग माणूस देवच म्हणायचा."

"कसला देव! सत्त्व, रज, तम असं लहानपणी वाचलं, तेव्हा मला वाटायचं, माणसांच्याच तीन जाती असतील. लग्न झालं आणि कळलं, तिघंही एकाच पायजम्यात नांदतात. सकाळी झाडांना पाणी घालताना बघावं तर साक्षात साधू. दुपारी कामावर गेला की सगळ्या जगाशी स्पर्धा. आणि संध्याकाळी एकदा पलंगावर आडवा झाला, की घराला आग लागली तरी कूस बदलणार नाही." ती हसली आणि मग हसू आवरून म्हणाली, "खोकला गेला का हो त्याचा?"

"गेला. आता थंडीत तेवढा..." मावशी थबकल्या. "असं ऐकलं."

बाहेर बस आली आणि गेली. चष्मेवालीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भिंग पुसायला घेतलं.

मावशींना राहवेना. पगारपाणी, घरदार, कशाचीच चौकशी त्यांनी केली नव्हती, पण हे मात्र विचारलं. "मग एवढं सगळं असून मोडलं कशावरून?"

"भित्रा आहे. मनातलं स्वतःच्या तोंडानं बोलणार नाही. भांडण कुणाशीही होवो, समजूत काढायला तिसराच माणूस. मी सामान बांधलं त्या दिवशी मला थांबवायला त्यानं शेजाऱ्यांना वर पाठवलं. ते बिचारे पाठ केल्यासारखे बोलत होते. आणि हा खाली, जिन्याच्या वळणावर. मला त्याचे बूट दिसत होते."

मावशींना गलबलून आलं. "स्वतः वर आले असते तर?"

"माझाही ताठा होता तेव्हा. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. पण तो अर्धा जिना चढला असता, तर अर्धा मी उतरले असते."

मावशींनी धीर करून विचारलं, "भाचीला काय सांगू? देऊ का मुलगी?"

चष्मेवालीने भिंग उजेडात धरलं.

"भेसळ सगळ्यांतच असते, मावशी. त्याच्यात चांगल्याचं पारडं जड आहे. द्या."

मावशींचा चेहरा पडला. "देऊ म्हणता? खरंच? तुम्हाला काही... वाटणार नाही?"

"मला कशाला वाटेल? भाची तुमची."

मावशी उठल्या. त्यांनी बॅग खांद्याला अडकवली. येताना त्या बऱ्याच हुशारीत आल्या होत्या, जाताना मात्र त्यांचे पाय जड झाले होते. दाराच्या मुठीवर त्यांनी हात ठेवला, तेवढ्यात मागून हाक आली.

"मावशी, बसथांब्यावर उभा आहे ना, त्याला सांगा, गेल्या वर्षी लेकीसाठी आत्या धाडलीस, त्याच्या आधीच्या वर्षी पुतणीसाठी काका धाडलास, आणि आता वर्तमानपत्र धरायला हातसुद्धा पुरेनात. या खेपेला रस्ता ओलांडून स्वतः ये म्हणावं, नंबर मी तपासते."