पूनमसिंगाचा इंडोनेशिया

“कोनी इस्वास ठेवत नाही, पन म्या इंडोनेशिया पाह्यला हाय,” म्हाताऱ्या पूनमसिंगानं पाहुण्यांना सांगितलं, आणि आत चहा गाळता गाळता त्याच्या सुनेचं, जमनीचं कपाळ उठलं.

झालं! सकाळी हात जोडून सांगितलं होतं, मामाजी, आज तेवढं तोंड बंद ठेवा, नातवाच्या लग्नाची गोष्ट आहे. तर म्हातारा म्हणाला होता, “मी काय लहान लेकरू हावो?” लहान लेकरू परवडलं. त्याच्या हातात बिस्किट देऊन गप्प तरी करता येतं.

बाहेर जाऊन सासऱ्याला अडवावं, तर तेही जमेना. तांड्याची रीतच अशी, की सासरा पाहुण्यांपुढं बोलत असला की सुनेनं पदर ओढून आत राहायचं. मग जमनीला जमण्यासारखं होतं ते तिनं केलं. पातेल्यावर झाकण आपटलं.

म्हाताऱ्यानं आवाज वाढवला.

तिचा लेक शाम वाईट नव्हता हो. बोरी अरबच्या पलीकडच्या त्या मुरमाड वावरात तो अशी कपाशी आणायचा, की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून पाहायचा. पण पोरींचे बाप कपाशी पाहत नाहीत. मागचे पाहुणे “बस, शेतीच?” एवढं विचारून अर्धा चहा टाकून गेले. त्यांच्या आधीचे तर चहापर्यंतही थांबले नाहीत. म्हणून आज पाण्याचे पेले हाती देतानाच जमनीनं सांगून टाकलं, “शाम पुन्याले कंपनीत लागला जी. सुटीवर आलाय.” शामला इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवला होता. तो खांबासारखा बसला होता.

आजचा पाहुणा शंकरसिंग बाभुळगावकडचा, लेकीलाही सोबत घेऊन आलेला. अंगणात शिरल्यापासून तोवर चांगला खुलून बोलत होता, विहिरीला पाणी किती, तूर कशी आहे. कंपनीचं नाव निघालं आणि नुसतं “बरं” म्हणून गप्प झाला. त्याच्या लेकीनं, वर्षानं, एकदा बापाकडं पाहिलं. बापानं आपल्या चपलांकडं पाहिलं.

दबला बिचारा, जमनीला वाटलं. पुण्याचा जवाई म्हणजे काय गंमत आहे? आता तेवढ्यात बोलणं पक्कं झालं असतं. पण हा म्हातारा!

“विमानात जागा नव्हती,” पूनमसिंग सांगत होता. “म्या म्हटलं, काही हरकत नाही, दारव्ह्याच्या काळीपिवळी जीपीले लटकून जातो तसा येतो. गेलो लटकून.”

शामनं डोळे मिटून घेतले. वर्षाला मात्र हसू फुटलं. “हात नाही दुखले, आबाजी?”

“दुखले ना. मधात समुद्र लागला तवा हात बदलले.”

आत झाकण पुन्हा वाजलं.

“गाव लहानसं, आपल्या तांड्याएवढं. वावरं टेकडीवर, पायऱ्यापायऱ्यांची. धानात बदकं सोडतेत, थे किडे खातेत. त्याह्यच्यात एक बदक मुकादम. बाकीचे कामचुकारपना करतेत का, थे पाहाते. बदकाले मजुरी नाही, चहा नाही.”

“आन मानसं?” वर्षानं विचारलं.

“म्हातारे. सारे म्हातारे कंबर वाकवून चिखलात. पोट्टे शहरात पळाले. एखादा राह्यला तं त्याले कोनी पोरगी देत नाही.”

“तिथंबी?”

“तिथंबी.”

शंकरसिंगानं घसा साफ केला. “निघावं म्हनतो. ऊन वाढून राह्यलं.”

जमनीचा चहा हातातच राहिला. घ्या! हाकलले म्हाताऱ्यानं. कुठं ती बदकं, आणि कुठं माझं पोरगं!

“बसा हो, गोष्ट आताच तं रंगून राह्यली,” म्हाताऱ्यानं शंकरसिंगाचा हातच धरला. “त्या गावात एक बाई व्हती. नवरा नाही. एक पोट्टा, कष्टाळू. पाहुने येत, शेती म्हटली का जात. बाई कावली. एक दिवस पाहुने आले तं तिनं सांगून देल्लं, पोट्टा शहरात कंपनीत हाय.”

आत कपबश्या एकमेकींवर आदळल्या. या वेळी जमनीनं मुद्दाम आपटल्या नव्हत्या. त्या तिच्या हातातून सुटल्या होत्या.

शामनं नखातली माती झाकायला दोन्ही हात मांडीखाली घातले.

संपलं. आता कंपनीही गेली आणि इज्जतही. सासऱ्यानं घरचं भांडं चव्हाट्यावर आणून फोडलं, तेही इंडोनेशियात नेऊन.

“मंग?” वर्षाचं हसू गेलं होतं. ती शामच्या मांडीखालच्या हातांकडं पाहत होती.

“मंग काय! कंपनी आयकली आन पोरगी अशी फुलली, अशी फुलली! वावरातल्या चिखलातून सुटली ना बिचारी. बसल्या जागी हो म्हनली. बाप नाचाले लागला. त्याच आठवड्यात...”

“खोटं!”

वर्षा उभीच राहिली. आवाज एवढा मोठा, की जमनी रीत विसरून पदराविनाच दारात आली.

“साफ खोटं, आबाजी! कंपनीचं नाव आयकलं आन त्या पोरीनं बापाले तवाच इशारा केला, चाल, ऊठ म्हून. तिच्या घरी वावर पडलं हाय अन् बापाच्यानं आता होत नाही. आमी शेतकरीच पाहाले आलतो!”