धुऱ्यावरचा बरू

ऐश्वर्यानं मातीचं ढेकूळ जिभेला लावलं आणि थुंकली. चोपण जमिनीचा खार कडवट लागतो. हे मीठ स्वयंपाकघरातलं होतं.

वडिलांच्या, जळबाच्या, या चोपण पट्टीत ज्वारी कधी गुडघ्याच्या वर गेली नव्हती. म्हणून तर तिनं इथं ज्वारीचा रानटी भाऊबंद, बरू, लावला होता. ठिकठिकाणच्या ओढ्यांकाठून आणलेली चाळीस ठोंबं, प्रत्येकाला नंबराची पाटी. खार सोसणारं एक जरी निघालं, तरी त्याचा गुण पुढे ज्वारीत आणता आला असता. दोन वर्षांचं काम. आज सगळी ओळ वाळून उभी होती.

धुऱ्यापलीकडे, सामाईक बांधाच्या पल्याड, शेजारचा सोनाजी उभा होता. आपल्या रानात बरू घुसेल म्हणून तो पावसाळ्यापासून भांडत होता.

"काका, मीठ तुमी टाकलं?"

"व्हय, टाकलं. काय करतीस? लोक तण उपटून फेकतेत, अन् जळबाची शिकलेली पोरगी तणाला पाट्या लावून राहिली!"

"किती टाकलं?"

"काहून? पोलिसात द्यायचंय?"

"वहीत लिहायचंय. किती, अन् कवा?"

सोनाजीला तो टोमणाच वाटला. "दोन गोण्या! आवसेला. वरून पाणी बी सोडलं, बराबर मुळापातुर जायला. लिही!"

"पन्नासच्या गोण्या का?"

"मग काय पुड्या व्हत्या?"

तिनं लिहिलं. शंभर किलो, सतरा दिवस. एवढं मीठ द्यायची हिंमत तिला स्वतःला कधी झाली नसती.

मग ती एकेका ठोंबापाशी वाकून वहीतला नंबर खोडत निघाली. सोनाजी हसत बघत होता. सत्ताविसाव्यापाशी पेन्सिल थांबली. पानांची टोकं करपली होती, पण बुडापासून पातं हिरवं होतं, आणि तुऱ्यातले दाणे पिकले होते.

तिनं तुरा पाकिटात ओरबाडला. पाकीट चिकटवायला जीभ फिरवली. तोंडात अजून मीठ होतं.

सोनाजीचं हसू गेलं. "एक राहिलं व्हय? थांब. उद्या अजून दोन गोण्या आणतो."

"आणा," पाकिटावर नंबर टाकत ती म्हणाली. "पण या खेपेला मोजून टाका."