जाहीर नोटीस

“आडपडदा नको. रमीच्या क्लबात सगळं घालवलं, असंच लिहा,” शरच्चंद्र म्हणाले.

रतनने पेन उघडलं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या त्या टीचभर कार्यालयात ती पंधरा वर्षं वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती घेत होती. वधू-वर, भाड्याने खोली, हरवलेलं कुत्रं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी अशी एखादी नोटीस. माझा मुलगा माझ्या कह्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये, केल्यास मी जबाबदार नाही. मजकूर तिला तोंडपाठ होता. तिने तो काही न विचारता उतरवला.

शरच्चंद्रांच्या शेजारी त्यांचा मुलगा आमोद बसला होता. गळ्यात हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र, डोळे तारवटलेले. मोबाईल सारखा वाजत होता आणि तो नंबर बघून बंद करत होता. शरच्चंद्रांच्या रिकाम्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वण होता. मेल्याने बापाचं घड्याळसुद्धा सोडलं नाही, रतनच्या मनात आलं.

“घराबाहेर काढलं आहे, हेही टाका,” शरच्चंद्र म्हणाले.

“ते नाही, बाबा,” आमोद म्हणाला. “तेवढं मी छापू देणार नाही.”

रतनचं डोकं फिरलं.

“वा. तुमची परवानगी घ्यायची राहिलीच होती,” ती म्हणाली. “पत्ते पिसताना घर आठवलं नाही? या वयात त्यांना ही पायरी चढायला लावलीत. लाज वाटते का काही?”

आमोदने वडिलांकडे पाहिलं नाही. मान खाली घालून तो म्हणाला, “चुकलं माझं.”

टेबलावरचे कोरे फॉर्म शरच्चंद्रांनी उचलले होते आणि बोटं आपसूक ते पंख्यासारखे पसरत होती, मिटत होती, पुन्हा पसरत होती. रतनला गलबलून आलं. पोटच्या पोराला असं चार ओळींत तोडायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

तिने कागद हलकेच त्यांच्यापुढे सरकवला. “सही करा, काका. मन घट्ट करा.”

शरच्चंद्रांनी फॉर्म खाली ठेवले. कागद शेवटपर्यंत वाचला आणि आमोदसमोर ठेवला.

“सही तो करील,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त ‘माझा मुलगा’ खोडा, बाई. तिथे ‘माझे वडील’ लिहा.”