कवितांच्या अकरा कॅसेटी

या मंडळी, असे जवळ सरका. आरतीला अजून अवकाश आहे, तोवर लातूरची एक गोष्ट ऐका. गोष्ट लहान आहे, पण रिकाम्या हातानं घरी जाऊ देणार नाही.

"हळू बोल बेटी, टेपात येईल," खाजामियाँ म्हणाले.

सुमय्यानं अब्बांच्या कानाशी तोंड नेलं आणि इंग्रजी ओळ कुजबुजली. खाजामियाँनी तीच ओळ खणखणीत आवाजात टेपात म्हटली. मग पुढची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कविता होत्या त्या. त्यातला एक शब्द खाजामियाँना कळत असेल तर शपथ! त्यांचा धंदा रिक्षावर भोंगा बांधून पुकारा करण्याचा. सकाळभर 'डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा' करत कोचिंग क्लासच्या जाहिराती गावभर फिरवायच्या, अन् दुपारच्या नमाजानंतर कविता. पहिल्या कॅसेटीत तर कवितेआधी सवयीनं "ऐका हो ऐका!" निघून गेलं होतं.

हे काम आणलं बुद्धप्रियानं. भूकंपात घर अंगावर आलं आणि पोरीचे डोळे गेले. दवाखान्याच्या आवारात खाजामियाँनी भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं, तेव्हा कुठं तिची आई गर्दीतून धावत आली. सात वर्षांनी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं पुस्तक घेऊन तीच पोर त्याच आवाजाच्या दारी उभी राहिली.

"चाचा, कॉलेजच्या सरांना क्लासमधून सवड न्हाई. परीक्षा तोंडावर आली. तुम्हीच वाचून द्या. एवढा आवाज हाय म्हणजे शिक्षणबी लई झालं असंल."

चौथी नापास खाजामियाँच्या तोंडून 'नाही' निघेना.

पुस्तक सुमय्यानं हातात घेतलं. तिचं इंग्रजी पक्कं. मास्तरीण व्हायची तिची फार आस होती, पण जीभ अडखळायची. मुलाखतीत स्वतःचं नावच अर्ध्यात अडकलं, समोरचे हसले, आणि तेव्हापासून ती परक्यापुढं बोलेनाशी झाली. कुजबुजताना मात्र तीच जीभ पाण्यासारखी वाहायची. का, ते देवाला ठाऊक.

"तूच वाच की," अब्बा म्हणाले होते.

"मा... माझा आवाज कु... कुणाच्या कामाचा?"

बाप-लेकीनं मिळून अकरा कॅसेटी भरल्या. परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी आईचा हात धरून बुद्धप्रिया पेढे घेऊन आली.

"चाचा, इंग्रजीत कॉलेजात पयली आले!"

"अल्लाची मेहेरबानी!" खाजामियाँची छाती फुगली. "आणि आवाज कसा लागला आमचा?"

"आवाज लई भारी. पण रागावू नका, तुमचं इंग्रजी ऐकून गोऱ्या साहेबाला घाम फुटला असता." आईनं चिमटा काढला, तरी ती थांबली नाही. "मी पार घाबरले होते. वाटलं, वरीस वाया गेलं. मग टेप कानाला लावला, तर दर ओळीच्या आधी कुणीतरी तीच ओळ हळूच म्हणायचं. लख्ख. जिथं काळजाला लागतं तिथं थांबून. तुमचा आवाज आला की मी कान मिटायची, अन् त्या कुजबुजीची वाट बघायची. शिकले ते त्या बाईंकडंच. कुठं असतात त्या? पाया पडायचंय."

गावभर ओरडणारे खाजामियाँ मुकाट बाजूला सरकले.

"इ... इथंच," सुमय्या म्हणाली. मोठ्यानं. मग शरमून, "प... पण मी अ... अडखळते."

बुद्धप्रिया आवाजाच्या दिशेनं वळली. तिनं पिशवीतून एम.ए.चं जाडजूड पुस्तक काढून पुढं धरलं.

"अडखळा की, बाई. ठिपक्यांच्या लिपीत उतरून घ्यायला मला तेवढाच वेळ मिळंल."

झाली गोष्ट. चला, आरतीला उठा. पण या कीर्तनकार बुवाच्या पाया पडाल तेव्हा मनातल्या मनात सुमय्याबाईंचीही याद करा. त्यांच्या वर्गाची हजेरी अजून जरा लांबते, आणि बाईंच्या तोंडून आपलं नाव पुरं होईस्तोवर प्रत्येक पोर उभं राहतं.